उभ्याचं काम

पोटरीवर थंड जेल लावलं
आणि डॉक्टरांनी मशीनचा आवाज वाढवला.
हूश्श.
मग थोडं थांबून, उलटं, पुन्हा हूश्श.
'ऐकलंत? हे खाली परत येणारं रक्त.
झडपा नीट मिटत नाहीत.'
वय विचारलं. सत्तावीस, मी म्हणाले.
त्यांनी कागदावर बघून खात्री केली.

बाहेर बाकावर सगळ्या साठीच्या पुढच्या.
एकीनं विचारलं, 'आईला घेऊन आलीस व्हय?'
मी हो म्हणाले.

आधी वाटलं होतं
कटिंगच्या खडूची निळी रेघ लागलीय.
चोळली. साबण लावून चोळली.
मग तिला फांदी फुटली,
गुडघ्यामागं गाठ आली शेंगदाण्याएवढी,
आणि संध्याकाळी पाय असे जड
की जिना चढताना वाटायचं,
कुणीतरी घोट्याला धरून खालीच बसलंय.

अक्कलकोट रोडच्या युनिटात
सकाळी नऊ ते सात, मार्चनंतर रात्री नऊ.
शाळा उघडायच्या आत
कुठकुठल्या गावची पोरं झाकायची असतात.
एकावर एक साठ थर कापडाचे,
खाकी, निळा, मरून चौकडा,
त्यातून मी सायझ बावीसच्या चड्ड्या कापते.
केवढेसे पाय जाणार यातून!
खरचटलेले गुडघे, डासांचे फोड,
बास, दुसरं काही नाही अजून त्यांच्यावर.

टेबल उभ्या माणसाच्या कमरेच्या मापाचं.
स्टूल एकच, त्यावर तेलाचा डबा.
सुपरवायझर गुर्रम म्हणतात, बसलं की हात चुकतो.
एकदा पंखा बघायला ते शिडीवर चढले,
विजार वर सरकली,
आणि मला दिसल्या, सुतळीएवढ्या, पिळाच्या.
त्यांनी खाली पाहिलं. मी कापडाकडं पाहिलं.
त्या दिवसापासून ते
'हात चुकतो' हळू म्हणतात.

सतराशेचा मोजा, एका पायाचा.
बाहेर चव्वेचाळीस.
तो चढवायला दोन माणसं लागतात:
आई टोक धरून ओढते, मी पाय ढकलते,
मध्येच दोघींना हसू येतं
आणि मोजा घोट्याशी परत गोळा होतो.

आईनं एकतीस वर्षं विड्या वळल्या.
बसून. भिंतीला पाठ, मांडीवर सूप,
रोजच्या हजार.
आता तिचे गुडघे सरळ होत नाहीत,
चालते तेव्हाही अर्धी बसलेलीच असते.
माझी दहावी झाली तेव्हा म्हणाली होती,
काहीही कर पोरी, पण बसायचं काम धरू नको.
मी ऐकलं.

आता मी उंबऱ्यात चप्पल काढायच्या आधीच
आतून म्हणते, 'कूर्चो.'
बस.
तिच्या तेलुगूत हा हुकूम आहे,
पण तिच्या तोंडून तो
माफी मागितल्यासारखा येतो.

झोपताना पाय छातीपेक्षा वर, डॉक्टरांनी सांगितलंय.
घरात उशा दोनच.
तिनं फळीवरून सूप काढलं,
तीन वर्षांनी. तंबाखूचा वास तसाच.
उशांवर पालथं घातलं, वर गोधडी,
आणि माझे दोन्ही पाय उचलून
त्यावर ठेवले, एकेक,
जुड्या ठेवायची तसे.
'मोडेल की गं.'
'काय मोडतंय. माझी हाडं मोडली, ते नाही मोडलं.'

मी पंख्याकडं बघत पडून राहते.
पोटरीतल्या मुंग्या हळूहळू निघून जातात.
बांबूचे वळ घोट्याला टोचतात थोडे, चालतंय.
ऑपरेशन कधी, असं आई अंधारात विचारते.
मी म्हणते, जूननंतर.
शाळा सुरू झाल्या की.